तोंडात पिल्लू धरलेलं तरस

"हे तरस आहे की बोकड?" मी विचारलं.

गव्हर्नर सिकाझ्वे यांनी टेबलावरचा छापील कागद स्वतःकडे फिरवून घेतला. राजधानीहून आलेला कागद होता. डावीकडे हत्ती, उजवीकडे चार पायांचं काहीतरी काळपट, शाई फुटलेलं.

"तरस आहे," ते म्हणाले. "खाली लिहिलंय की."

"आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांनी काय करायचं?"

"त्यांच्यासाठीच तर तुम्हाला बोलावलंय, मिस्टर हुपरीकर."

त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या डोक्यावर जे चार-पाच देश आहेत त्यांतला एक, एवढं पुरे. तिथल्या एका आडगावच्या सरकारी शाळेत मी करारावर चित्रकला शिकवत होतो. देशाला स्वातंत्र्य मिळवून देणारा एक पक्ष होता आणि बाकीचे पक्ष कायद्याने बंद करून टाकले होते. त्यामुळे पक्षाचं नाव घ्यायची कुणाला गरजच पडत नसे. नुसतं 'पक्ष' म्हटलं की भागायचं. निवडणूक मात्र नेमाने व्हायची. राष्ट्राध्यक्षपदाला एकटा म्हातारा उभा राहायचा, आणि मतपत्रिकेवर दोन चित्रं असायची. म्हातारा हवा असेल तर हत्तीवर खूण करायची, नको असेल तर तरसावर. ही युक्ती ज्याच्या डोक्यातून निघाली तो राजधानीतच वाढलेला असावा. तरसावर चेटकिणी बसून फिरतात असं तिथले लोक मानायचे. तरसाला मत द्यायला कोण धजावणार, असा त्याचा हिशेब.

गव्हर्नर म्हणजे पक्षाचा जिल्ह्यातला सर्वेसर्वा. कलेक्टर, फौजदार आणि गावचा पाटील हे तिघं एकाच कोटात घातले तर जो माणूस होईल, तो. खोलीत आणखी एक जण बसले होते : मिस्टर कापेसा. आमच्याच शाळेत भूगोल शिकवायचे. माझे सख्खे शेजारी आणि शाळेतल्या पक्षशाखेचे चिटणीस.

"गावोगाव सभा घ्यायच्या," सिकाझ्वे म्हणाले. "लोकांना मोठ्या फळ्यांवर चित्रं दाखवून मत कसं द्यायचं ते शिकवायचं. फळ्या मिस्टर हुपरीकर रंगवतील. बोलायचं काम तुमचं, कापेसा. मागच्या खेपेला आपल्या जिल्ह्यात तरसं फार निघाली. वर ते चांगलं दिसलं नाही. या वेळीही तसंच झालं तर कुणाला तरी आत जावं लागेल." मग त्यांनी हसून पुस्ती जोडली, "मी तर जाणार नाही."

कापेसाही हसले. मी हसलो नाही. विनोद कळला नव्हता असं नाही, पण त्या बोकडाकडे बघून माझं डोकं फिरलं होतं.

मी मूळचा कोल्हापूरचा. चित्रकलेची पदविका घेण्याआधी थिएटरसाठी सिनेमाचे बोर्ड रंगवत होतो. माणसाच्या तिप्पट उंचीची तोंडं भर उन्हात शिडीवर चढून काढलेली आहेत. जे पाहिलं नाही ते काढायचं नाही, हा माझा हट्ट. नलू, माझी बायको, त्याला खोड म्हणते. हत्ती काढायला अडचण नव्हती. जंगल तिथून लांब नव्हतं आणि हत्ती कणसं खायला पार शेतांत यायचे. तरस मात्र मी नीट पाहिलेलं नव्हतं.

"तरस बघायचंय?" कापेसा म्हणाले. "लोक न दिसावं म्हणून ताईत बांधतात, मिस्टर हुपरीकर."

"मला बोकड काढायला लावणार असाल तर मी रंग परत करतो."

एका संध्याकाळी ते मला बाजारामागच्या खाटीकखान्याकडे घेऊन गेले. कत्तल संपली की आतडी-खुरं मागच्या चरात टाकत. आम्ही एका मोडक्या ट्रॅक्टरच्या आडोशाला बसलो. उजेड होता अजून. पलीकडच्या झुडपातून तरसांची टोळी आली, तिच्यात एक मादी होती. बाकीची तरसं चराकडे धावली, ही मात्र थांबली. तिच्या तोंडात काहीतरी लोंबत होतं. मला आधी वाटलं शिकार आहे. मग ते हललं. पिल्लू होतं, काळंभोर, मानेला धरलेलं, पाय पोटाशी घेऊन निवांत लोंबकळणारं. चराकडे बघत ती जरा वेळ उभी राहिली. भूक लागली होती तिला, बरगड्या मोजता आल्या असत्या. पण पिल्लू खाली ठेवल्याशिवाय खाता येणार नव्हतं आणि बाकीची तरसं तिथे असताना तिला ते खाली ठेवायचं नव्हतं. शेवटी ती तशीच उपाशी झुडपात परत गेली.

"चेटकीण दिसली का पाठीवर?" मी विचारलं.

"आज पायी आली असेल," कापेसा म्हणाले. थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, "मी हे कधी पाहिलं नव्हतं."

मी जे पाहिलं ते काढलं. बरगड्या काढल्या, अंगावरचे ठिपके काढले, तोंडातलं पिल्लू काढलं. हत्तीही काढला, सोंड वर, सुळे झोकात, उभा जन्म म्हाताऱ्याचं प्रचारकार्यच करत आल्यासारखा. फळ्या ओसरीवर वाळत ठेवल्या तेव्हा नलू चहा घेऊन आली आणि तरसासमोर उभीच राहिली.

"अहो, किती माया आणलीत त्या डोळ्यांत! माझं एक चित्र कधी एवढ्या मायेनं काढलं नाहीत."

"तू एवढा वेळ गप्प उभी कुठे राहतेस?"

कापेसांनी कुंपणापलीकडून पाहिलं आणि आत आले. त्यांनीही बराच वेळ पाहिलं.

"पिल्लू ठेवलंत तुम्ही."

"होतं म्हणून ठेवलं. काढून टाकू?"

ते म्हणाले, "गव्हर्नरसाहेबांना दाखवू. ते सांगतील तसं करू."

दुसऱ्या दिवशी सिकाझ्वे स्वतः आले. हत्तीसमोर त्यांनी मान डोलावली. तरसासमोर येताच मांडीवर थाप मारली.

"शाब्बास! मूल पळवून नेणारं तरस! मिस्टर हुपरीकर, तुम्ही तर आमच्या प्रचारप्रमुखांपेक्षा हुशार निघालात. कुठल्या आईला हे आवडेल, सांगा!"

मी तोंड उघडणार तेवढ्यात कापेसांनी माझ्याकडे पाहिलं. सांगा असंही त्या नजरेत नव्हतं, सांगू नका असंही नव्हतं. सिकाझ्वे तोवर गाडीत बसलेसुद्धा होते. चित्राचा अर्थ ज्याने त्याने लावावा, आपण रंगवून मोकळं व्हावं, असं मी आयुष्यभर मानत आलोय. तेव्हाही तेच मानलं.

फळ्या टांगायला सभेला मीही जायचो. त्या वर्षी पाऊस नव्हता, सरकारी दुकानात मक्याचं पीठ मिळेना, आणि जिथे कुणाच्या शेतात चार कणसं धरली होती तिथे हत्ती शिरले होते. बायका पाठीवर मुलं बांधून जमिनीवर बसायच्या, पुरुष मागे झाडाखाली. कापेसा त्यांच्या भाषेत समजावून सांगायचे. छान शिकवायचे ते. वर्गात शिकवत तसंच, घाई न करता.

एका गावात पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली. ती काय म्हणाली ते कापेसांनी मला नंतर सांगितलं.

"गुरुजी, हा तोच ना, ज्याने माझं शेत खाल्लं? त्यालाच मत द्यायचं?"

सगळे हसले. कापेसाही हसले. म्हातारी मात्र तरसाच्या फळीपाशी गेली आणि पिल्लावर बोट ठेवून म्हणाली, "आणि ही पोराला घेऊन कुठे निघाली?"

या वेळी कुणी हसलं नाही. बायका एकटक बघत होत्या. कापेसांनी ठरलेलं उत्तर दिलं : हत्ती म्हणजे हो, तरस म्हणजे नाही, मत गुप्त असतं. परतीच्या वाटेवर ते गाडीत एकदाच बोलले.

"त्यांना ते पळवलेलं मूल वाटत नाहीये, मिस्टर हुपरीकर."

"मग फळी उतरवू का? तुम्ही म्हणाल तर पिल्लावर ठिपके मारून टाकतो."

"साहेबांनी पास केलेलं चित्र मी कसं बदलू?" ते म्हणाले. एवढंच.

निवडणूक झाली. रेडिओवर निकाल सांगितले. म्हातारा नेहमीसारखा जिंकला होता, म्हणजे जवळजवळ सगळी मतं हत्तीला. जिल्हेवार आकडे वाचले तेव्हा आमचा जिल्हा गाळला. शाळेत कुजबुज होती की जिथे जिथे आमच्या फळ्या गेल्या तिथे तिथे पेटीतून तरसंच तरसं निघाली.

त्यानंतरच्या आठवड्यात लँडरोव्हर आली. मी चित्रकलेच्या खोलीत मुलांचे ब्रश धूत होतो. शेजारच्या वर्गात कापेसा नद्या शिकवत होते. त्यांचा आवाज थांबला म्हणून मी बाहेर आलो. दारात साध्या कपड्यातले दोघे उभे होते. कापेसांनी खडू डबीत ठेवला, हात झटकले, आणि मला पाहून म्हणाले, "माझा फळा तेवढा पुसाल का? पुढचा तास गणिताचा आहे."

मी हो म्हणालो. गाडी गेली. मुलं बाकांवर गप्प बसली होती. फळ्यावर नदीचा नकाशा होता, उपनद्यांची नावं अर्धी लिहिलेली. मी तो पुसला. मला काहीच वाटत नव्हतं. दगड झालो होतो म्हणा. खोलीत परत येऊन उरलेले ब्रशही धुतले.

संध्याकाळी मी गव्हर्नरच्या कचेरीत गेलो आणि जे घडलं ते सरळ सांगितलं. चित्र माझं. पिल्लू माझं. कुणी सांगितलं नव्हतं. खाटीकखान्यामागे पाहिलं तसं काढलं. आणि साहेब, तुम्हीच ते पास केलंत.

शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलंच नाही.

"तुम्ही पाहुणे आहात," ते म्हणाले. "पाहुण्याला मत नसतं. मग पाहुण्याच्या चित्राला कुठून असेल? कुणीतरी तुमच्याकडून ते रंगवून घेतलं, हे उघड आहे."

"पण तसं झालेलं नाही."

"मिस्टर हुपरीकर, तुमचा करार डिसेंबरला संपतो ना?"

"संपतो. वाढवू नका. पण कापेसांना सोडा."

त्यांनी कापेसांना सोडलं नाही. करार मात्र वाढवला, कारण चित्रकलेला दुसरा माणूस मिळत नव्हता. राग यायला हवा होता. यायचा तेव्हा आला नाही, आणि पुढे तर त्याची आठवणही राहिली नाही. नलूने सामान बांधायला घेतलं होतं, ते पुन्हा सोडलं.

"आपण गेलो तर त्या एकट्या पडतील," ती म्हणाली.

त्या म्हणजे बाना मुताले, कापेसांची बायको. बाना मुताले म्हणजे मुतालेची आई. बाईला पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारायची तिकडे रीत. नलूला ते पहिल्या दिवसापासून आवडलं होतं. आपल्याकडे बाळूची आई म्हणतात तसंच की, म्हणायची. पगार बंद झाल्यावर बाना मुताले शाळेच्या फाटकाशी तळलेले गोड वडे विकायला बसू लागल्या. कापेसांवर खटला नव्हता, आरोप नव्हता. कुठे ठेवलंय तेही कुणी सांगत नव्हतं. भेटीला जायचं तर कुठे जायचं?

आणि त्यांच्या ओट्यावर पीठ यायला लागलं.

सकाळी दार उघडलं की मक्याच्या पिठाचं गाठोडं. कधी शेंगा, कधी सुकी मासळी. कोण ठेवून जातं ते दिसायचं नाही. पुढे कळलं, सभा झाल्या त्या गावांतल्या बायका. स्वतःच्या घरात पीठ नसताना त्या लांबून चालत येत होत्या. त्यांच्या लेखी हिशेब साफ होता : गुरुजींनी आपल्यासाठी ती फळी रंगवून घेतली, आपल्याला वाट दाखवली, आणि कुणाचंही नाव न सांगता आत गेले.

"माझा नवरा सिंह आहे म्हणतात," बाना मुताले एकदा नलूला म्हणाल्या. "मला तर तो घरात झुरळाला घाबरताना दिसायचा." दोघी हसल्या आणि मग दोघी रडल्या. मी आत चित्रांना गुण देत बसलो होतो. बाहेर जावंसं वाटलं नाही.

चार वर्षं अशीच गेली. तांब्याचे भाव पडले, खाणी बंद पडू लागल्या, राजधानीत पिठावरून दंगली झाल्या. मग म्हाताऱ्याने रेडिओवर येऊन सांगितलं की आता कुणालाही पक्ष काढता येईल. त्या दिवशी आमच्या शाळेत कुणी टाळी वाजवली नाही. खरं आहे की सापळा, ते कळत नव्हतं. आत टाकलेल्यांना सोडायला सुरुवात झाली आणि एका दुपारी कापेसा बसमधून उतरून चालत घरी आले.

मी त्यांना ओळखलं ते चालीवरून. चेहरा दुसऱ्याच कुणाचा तरी होता. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो. जरा वेळाने मी म्हणालो, "मी गव्हर्नरला खरं सांगितलं होतं."

"माहीत आहे. पोलिसांनी मला ते वाचून दाखवलं. पाहुणा मित्राला वाचवायला खोटं बोलतोय, म्हणाले."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मीही खरंच सांगितलं." ते समोरच्या कुंपणाकडे बघत होते. "मी हत्तीला मत दिलं होतं, मिस्टर हुपरीकर."

मला वाटलं, त्यांना झोप हवी आहे.

"घाबरून?" मी विचारलं.

"नाही हो. घाबरून दिलं असतं तर सोपं होतं. मला तो म्हातारा आवडायचा. स्वातंत्र्याच्या दिवशी मी त्याच्या मोटारीमागे धावलो होतो, धुळीत, अनवाणी. मत देताना त्याच्याशिवाय दुसरं कुणी डोळ्यांपुढे आलंच नाही. फळी उतरवली नाही, कारण वरिष्ठांनी पास केली होती. बास. त्यात दुसरं काही नव्हतं. आत गेल्यावर पहिलं वर्षभर मला वाटायचं, म्हाताऱ्याच्या कानावर गेलं की सोडतील."

"आणि मग?"

"मग काही वाटेनासं झालं."

बाना मुताले दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या आत गेल्या. भांडी वाजली नाहीत की काही नाही.

नवा पक्ष आमच्या गावात आला तो सिकाझ्वे यांच्याच गाडीतून. गाडी तीच, झेंडा नवा. ते आता नव्या पक्षाचे जिल्हाध्यक्ष होते. शाळेच्या मैदानावर पहिली मोठी सभा ठरली. ते माझ्याकडे आले तेव्हा मागे एक माणूस लाकडी फळी घेऊन उभा होता.

"ओळखलंत?" सिकाझ्वे म्हणाले. "जाळायचा हुकूम होता. मी जाळली नाही. जपून ठेवली."

तरसाची फळी होती. कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून जपली होती, हे तिच्यावरच्या शिंतोड्यांवरून दिसत होतं. रंग मात्र फारसा उडाला नव्हता. चांगला माल वापरला होता मी.

"जरा साफ करून द्या. व्यासपीठावर मागे लावायची. आणि कापेसा पुढे उभे राहतील. एका चित्रातून नाही म्हणणारा माणूस! खासदारकीचं तिकीट त्यांनाच. या जिल्ह्यात कोण हरवेल त्यांना?"

"तुम्ही त्यांना आत पाठवलं होतंत," मी म्हणालो.

"तेव्हा पक्षाने पाठवलं होतं," सिकाझ्वे शांतपणे म्हणाले. "मी आता त्या पक्षात नाही."

मी फळी धुतली. पिल्लू पुसट झालं होतं, ते परत गडद केलं नाही.

आदल्या संध्याकाळी कापेसा, त्यांची बायको आणि आम्ही दोघं त्यांच्या घरी बसलो होतो. तिकीट घ्यावं की नाही, असा विषय होता. खासदार झाले तर घर उभं राहिलं असतं, मुतालेचं शिक्षण झालं असतं, हाताला चांगला डॉक्टर मिळाला असता. नलू म्हणाली, "घ्या की. एवढं सोसलंत, त्याचं काहीतरी होऊ दे." मलाही तसंच वाटत होतं.

"घ्या," बाना मुतालेही म्हणाल्या. "पण आधी त्या बायकांना सांगा. हत्तीला मत दिलं होतं म्हणून सांगा."

"मग तिकीट कसलं मिळतंय?" कापेसा म्हणाले.

"नाही मिळालं तर नाही. चार वर्षं मी त्यांचं पीठ खाल्लंय. मुतालेला त्यावर वाढवलंय. त्यांनी ते ज्या माणसासाठी आणलं, तो माणूस या घरात नव्हता. हे मला माहीत असतं तर मी गाठोडं सोडलं नसतं. आता मला माहीत आहे, त्यांनाही माहीत असू दे. मग त्या तुम्हाला शिव्या देवोत नाहीतर मत देवोत."

कापेसा म्हणाले, "सांगतो." आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटला.

बाना मुताले सभेला आल्या नाहीत. नलू त्यांच्याजवळ थांबली.

मैदान भरून गेलं होतं. बायका पुढे जमिनीवर, पाठीवर मुलं. माझी ती म्हातारीही होती, पहिल्या रांगेत. व्यासपीठावर मागे तरस, तोंडात पिल्लू. सिकाझ्वे यांनी दणदणीत भाषण केलं. सत्तावीस वर्षांची हुकूमशाही, भूक, तुरुंग, सगळं आलं. त्यातली अर्धी वर्षं ते स्वतः कुठे होते ते सोडून. मग त्यांनी कापेसांना पुढे केलं.

एवढ्या वर्षांत मला ती भाषा समजू लागली होती. कापेसा वर्गात बोलत तसेच बोलले, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा.

"मी तुम्हाला खरं सांगायला आलो आहे. त्या निवडणुकीत मी हत्तीला मत दिलं. हे चित्र मी सांगून काढून घेतलेलं नाही. तरसाला मत द्या असं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. पक्षाने सांगितलं तेवढंच मी केलं."

मैदान एकदम शांत झालं. खूप दिवसांनी माझ्या छातीत काहीतरी हललं. झालं एकदाचं, असं मनात आलं.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "पोलिसांना अस्संच सांगितलंत ना, गुरुजी!"

आणि हसू फुटलं. पुरुष हसले, बायका हसल्या, म्हातारी तर डोळे पुसत हसत होती. गुरुजी तुरुंगातली जबानी म्हणून दाखवतायत. कसा गरीब चेहरा केलाय बघा! नक्कल तर नक्कल!

"मी खरं सांगतोय," कापेसा म्हणाले.

हसणं दुप्पट झालं. पुढच्या बायकांनी तोंडावर हात आपटत तो लांब, उंच आनंदाचा आवाज काढला, लग्नात काढतात तो. कापेसांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून उभा राहिलो. पण मी पाहुणा. मी काय सांगणार होतो आणि ते कोण ऐकणार होतं? मी तसाच खाली बसलो.

सगळ्यांत मोठ्याने सिकाझ्वे हसत होते. हसता हसता ते पुढे आले. नव्या पक्षाची खूण होती उजवा हात उंच करून पाची बोटं पसरायची. त्यांनी कापेसांचा उजवा हात मनगटाला धरला आणि वर केला. खांद्याच्या वर, पार डोक्याच्या वर. कापेसांचा चेहरा वेदनेने पिळवटला. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. आला असेल तर त्या गजरात कुणाला ऐकू गेला नाही. लोकांनी आपापले हात वर केले. सगळं मैदान हातांनी भरून गेलं, आणि सिकाझ्वे तो हात खाली सोडेनात.

आम्ही दोघं चालत घरी आलो. वाटेत लोक कापेसांना थांबवून वाकून हलके टाळ्या वाजवत होते, तिकडच्या आदराच्या रितीप्रमाणे. ते प्रत्येकाला डाव्या हाताने थोपवत होते.

बाना मुताले ओट्यावर उभ्या होत्या. सभेचा आवाज त्यांच्यापर्यंत आला असणार. त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तिकडे जेवायला बसण्याआधी घरच्या बाईने हातांवर पाणी घालायचं असतं.

"सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं."

"मग?"

कापेसा पायरीवर बसले. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला.

"टाळ्या वाजल्या," ते म्हणाले.

बाना मुताले तशाच उभ्या राहिल्या. मग खाली वाकून त्यांनी त्याच हातावर पाणी घातलं.